राजमत आणि रोगजंतु

हिंदमाता चौकांतून परळकडे वळलें म्हणजे के. ई. एम. आणि टाटा या दोन मोठ्या रुग्णालयांच्या शेजारीं एक जुनी प्रशस्त इमारत लागते. मूळचा तो ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ. अठराव्या शतकांत इंग्रजांनीं तो ताब्यांत घेतला, आणि पुढें कित्येक वर्षें तेथें मुंबईच्या गव्हर्नरांचें वास्तव्य होतें. १८८२ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीच्या विकारानें वारल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनीं आपलें बिऱ्हाड मलबार टेकडीवर नेलें. ओस पडलेल्या त्या वाड्यांत १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्लेगच्या संशोधनासाठीं प्रयोगशाळा उघडण्यांत आली. १९२५ सालीं तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हें नांव मिळालें. ज्या शास्त्रज्ञाचें हें नांव, त्याला वीस-बावीस वर्षांपूर्वीं याच प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावें लागलें होतें, ही गोष्ट मात्र त्या फाटकावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

सरकार आणि शास्त्र यांचा झगडा हें परकीय राज्याच्या अनेक पापांपैकीं एक पाप, असें सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. पाश्चात्त्य देशांत तीच कथा अडाणी पुढारी विरुद्ध ज्ञानी पंडित अशा नाटकाच्या रूपानें सांगतात. हे दोन्ही प्रकार आम्हांस अपुरे वाटतात. ज्या सरकारनें शास्त्राचें म्हणणें झिडकारलें, त्याच्या पदरीं विद्वानांची वाण नव्हती. त्याची चूक विचाराच्या क्रमांत होती. आपणांस काय परवडेल हें त्यानें आधीं ठरविलें, आणि त्या निर्णयास सोईचें असें शास्त्र मागाहून निवडलें. मुंबईच्या प्लेगचा इतिहास हा या उलट्या क्रमाचा इतिहास आहे, असें आमचें मत आहे. आणि तें पुराव्यानिशीं वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या कथेचा आरंभ प्लेगपासून होत नाहीं. तो त्यापूर्वीं तीस वर्षें, पटकीपासून होतो. १८५४ सालीं लंडन येथें जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरानें ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाचें पाणी आणि भोंवतालच्या घरांतील मृत्यु यांचा संबंध जोडून दाखविला होता. १८६६ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषदेनें पटकीचें मूळ हिंदुस्थानांत आहे आणि ती माणसांच्या दळणवळणानें पसरते, असा निष्कर्ष काढला. पण १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. त्यांतून ये-जा करणारीं बहुतेक जहाजें इंग्रजांचीं होतीं. पटकी सांसर्गिक आहे हें एकदां कबूल केलें, कीं मुंबई-कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांस परक्या बंदरांत क्वारंटीनमध्यें अडकून पडणें भाग होतें. मालाला विलंब, फौजेला विलंब, टपालाला विलंब! आणि खुला व्यापार हें तर त्या काळच्या इंग्रजी राज्यनीतीचें आद्य तत्त्व.

अशा वेळीं हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर डॉ. जे. एम. कनिंगहॅम यांचें मत सरकारला फार उपयोगी पडलें. १८६८ पासून १८८४ पर्यंत ते या अधिकारावर होते. हवा, जमीन आणि स्थानिक घाण यांच्या संयोगानें पटकी त्या त्या ठिकाणींच उद्भवते, ती माणसाबरोबर प्रवास करते असा पुरावा नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन असे; आणि वर्षामागून वर्षें सरकारी अहवाल याच मताचे निघत. पंजाबचे सॅनिटरी कमिशनर डॉ. डी रेंझी यांनीं दूषित पाण्याचा पक्ष हट्टानें धरला. त्यांस ती जागा सोडावी लागली. अहवालांत विरुद्ध मत दिसेनासें झालें, तेव्हां विरुद्ध पुरावाच नाहीं असें म्हणणें सोपें झालें.

१८८३ च्या डिसेंबरांत जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यानें स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत दाखविला, आणि ज्या तळ्याचें पाणी ते लोक पीत त्या तळ्यांतहि दाखविला. याला इंग्रज सरकारचें उत्तर काय? त्यानें क्लाइन आणि गिब्ज या दोन तज्ज्ञांस हिंदुस्थानांत पाठविलें, आणि कॉखचा जंतु हें पटकीचें कारण नव्हे असा अभिप्राय त्यांजकडून आला. १८८५ सालीं रोम येथील परिषदेंत तर रोगाच्या कारणाची तात्त्विक चर्चाच होऊं नये, अशी भूमिका ब्रिटिश प्रतिनिधींनीं घेतली. ज्या प्रश्नाचें उत्तर गैरसोईचें आहे तो प्रश्नच विचारावयाचा नाहीं, ही युक्ति राजकारणांत नवी नाहीं. पण प्राणांतिक रोगाच्या बाबतींत ती इतक्या उघडपणें क्वचितच योजिली गेली असेल.

न्यायासाठीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. घाणीचा सिद्धांत सर्वस्वीं निरुपयोगी नव्हता. त्याच्या आधारानें गटारें बांधलीं गेलीं, शहरांस नळाचें पाणी मिळालें, आणि त्यामुळें पुष्कळांचे जीव वांचले. चुकीच्या मतापासूनहि कधीं कधीं चांगलें काम होतें. परंतु तें मत चुकीचें आहे असें दाखविणारा पुरावा जेव्हां पुढें आला, तेव्हां तें सोडण्याची सिद्धता नव्हती. कारण तें मत पुराव्यानें मिळविलेलें नव्हतेंच.

आतां मुंबईकडे येऊं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत लोक तापानें आणि जांघेंतील गांठींनीं पटापट मरूं लागले. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस हे तेथें वैद्यकी करीत व म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासदहि होते. त्यांनीं रोग ओळखला, आणि २३ सप्टेंबर रोजीं स्थायी समितींत हा ग्रंथिक प्लेग आहे असें स्पष्ट सांगितलें. अधिकाऱ्यांनीं प्रथम हा शब्द टाळला. ‘संशयास्पद प्रकारचा ताप’ असें म्हणण्यांत कांहीं काळ गेला. बंदराला प्लेगचें नांव लागणें म्हणजे काय, हें मुंबईंतील व्यापारी आणि अधिकारी दोघेहि जाणून होते. पण नांव बदलल्यानें रोग थांबला नाहीं. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारें साडेआठ लाखांच्या वस्तीपैकीं पावणेचार लाखांच्या घरांत माणसें शहर सोडून गेलीं.

याच सुमारास व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली आणि हिंदुस्थानचा माल व प्रवासी यांजवर बंदी येण्याची धास्ती उत्पन्न झाली. लगेच सरकारचें मत पालटलें. तीस वर्षें संसर्ग नाकारणारें सरकार एकाएकीं संसर्गाचें कट्टर पुरस्कर्तें बनलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या वर्षीं हजची यात्रा बंद करण्यांत आली. मुंबईंत ब्रिगेडियर-जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग-कमिटी बसली. घरांत शिरून रोगी शोधावे, त्यांस रुग्णालयांत न्यावें, घरच्या माणसांस छावणींत ठेवावें, बिछाने जाळावे, जमिनी खणाव्या, कौलें उतरून ऊन आंत घ्यावें, आणि ज्या घरांत राहणें अयोग्य त्यांवर ‘यू. एच. एच.’ हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगवावीं, असा क्रम सुरू झाला. पुण्यास रँड यांच्या कारकीर्दींत याच धोरणाचें जें उग्र रूप दिसलें, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याचा जो शेवट झाला, तो महाराष्ट्रांतील प्रत्येक घरास ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं.

आम्हांस येथें दाखवावयाचें आहे तें वेगळें आहे. पटकीच्या वेळीं सरकार म्हणालें कीं रोग माणसाकडून माणसाकडे जात नाहीं. प्लेगच्या वेळीं म्हणालें कीं तो जातोच जातो. हीं दोन्ही मतें परस्परविरुद्ध. पण दोहोंचें कारण एकच, आणि तें म्हणजे समुद्रपार जाणारा माल. आणि दैवाची थट्टा अशी, कीं दोन्ही वेळां सरकार चुकलें. पटकी ही माणसाच्या मलानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरते. उलट ग्रंथिक प्लेग हा मूळचा उंदरांचा रोग; तो रोग्यास स्पर्श केल्यानें सहसा होत नाहीं. ज्यास धरून नेलें तो बहुधा निरुपद्रवी होता, आणि ज्याला कोणी धरलें नाहीं तो कौलांवरून पळून शेजारच्या चाळींत गेला.

हें ज्ञान मिळण्याची सोय त्या वेळीं नव्हती असेंहि नाहीं. १८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगचा जंतु शोधून काढणाऱ्या येर्सिननें मेलेल्या उंदरांकडे लक्ष वेधलें होतें. १८९८ च्या जूनमध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत एका साध्या प्रयोगानें दाखविलें, कीं रोगी उंदराकडून निरोगी उंदराकडे प्लेग नेणारी वस्तु म्हणजे पिसू. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या प्लेग-कमिशनचें काम सुरू झालें. त्यानें सिमाँचा पुरावा पाहिला, आणि तो फारसा विचार करण्याजोगा नाहीं असा शेरा मारून बाजूस ठेवला. घाणीच्या सिद्धांतांत पिसवेला जागा नव्हती, आणि माणसाच्या संसर्गाच्या सिद्धांतांतहि नव्हती. तिच्या बाजूनें कोणतेंच जुनें मत उभें नव्हतें; होता तो केवळ प्रयोग.

पिसवेला न्याय मिळाला तो सात-आठ वर्षांनंतर, आणि मिळाला तो परळ येथेंच. डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं मुंबईंतील प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होतात हें दाखविलें. १९०५ सालीं नव्यानें नेमलेल्या संशोधन-मंडळानें परळच्या प्रयोगशाळेंत ठाण मांडलें. मुद्दाम बांधलेल्या खोल्यांतून त्यांनीं गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंच उंचीवरील पिंजऱ्यांतील जनावरांस प्लेग झाला. दोन फूट उंचीवर ठेवलेलीं वांचलीं. कारण पिसवेची उडी तेथवर पोंचत नाहीं. हवा तीच, घाण तीच, खोली तीच. रोगाची वाट हवेंतून आहे कीं उडींतून आहे, हें ठरविण्यास याहून स्वच्छ पुरावा कोणता असूं शकेल? परळ, वरळी, शीव आणि वडाळा या तेव्हांच्या गांवांतून घरोघर उंदीर तपासण्यांत आले, आणि आधीं उंदीर मरतात व मग माणसें, हा क्रम नोंदून ठेवण्यांत आला.

खेड्यांतील अडाणी मानलेल्या माणसांनीं हा क्रम आपल्या परीनें ओळखला होता. उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें आणि रानांत झोपड्या घालून राहावें, ही चाल महाराष्ट्रांत प्लेगच्या वर्षांत रूढ झाली, आणि हिमालयाच्या पायथ्याकडील कुमाऊँ-गढवाल प्रांतांत तर ती त्यापूर्वींचीच होती. या चालीमागें सिद्धांत नव्हता. होतें तें निरीक्षण. कमिशनांनीं जें साधन वापरण्यास इतकीं वर्षें घेतलीं, तें साधन हेंच.

आतां ज्याच्या नांवानें ही इमारत ओळखली जाते त्याची कथा. वाल्डेमार हाफकिन याचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. रशियांत ज्यूंस विद्येच्या क्षेत्रांत स्थान मिळणें कठिण. तो पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेंत गेला. पटकीवर लस तयार करून १८९२ च्या जुलैंत ती त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि १८९३ सालीं तिचा प्रत्यक्ष उपयोग पाहण्यासाठीं हिंदुस्थानांत आला. १८९६ च्या ऑक्टोबरांत सरकारनें त्यास मुंबईस बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत एक कारकून आणि तीन गडी यांच्या मदतीनें तो कामास लागला. मांसाच्या सत्त्वावर तुपाचे थेंब सोडले असतां त्यांखालीं प्लेगचे जंतु लोंबत्या झुंबरासारखे वाढतात, हें त्यानें पाहिलें. आणि हिंदु-मुसलमानांच्या भावना दुखावूं नयेत म्हणून त्या सत्त्वासाठीं बकऱ्याचें मांस योजिलें. त्या वाढलेल्या जंतूंस उष्णतेनें मारून त्यानें लस केली. १० जानेवारी १८९७ रोजीं तिची मोठी मात्रा त्यानें आपल्याच अंगांत घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांस लस टोंचण्यांत आली. दोन्हीकडे दीड-पावणेदोनशेंच्या आसपास माणसें होतीं. न टोंचलेल्यांपैकीं बारा जणांस प्लेग झाला आणि सहा मेले. टोंचलेल्यांपैकीं दोघांस झाला आणि एकहि मेला नाहीं. या आंकड्यांत सक्ति नव्हती, फौज नव्हती, कौलें उतरविणें नव्हतें. आगाखान यांनीं आपली एक हवेली प्रयोगशाळेसाठीं दिली, आपल्या अनुयायांदेखत स्वतःस टोंचून घेतलें, आणि हजारों खोजे त्यांच्यामागें आले. त्या वर्षीं सरकारनेंहि हाफकिनला सी. आय. ई. ही पदवी दिली. परंतु वैद्यकीची पदवी नसलेला, रशियांत जन्मलेला हा ज्यू मनुष्य सरकारी वैद्यकखात्यांतील कित्येकांच्या डोळ्यांत सलत होता, आणि त्याची वेळ येण्यास फार काळ लागला नाहीं.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें लक्षावधि मात्रांची मागणी केली. लस लौकर तयार व्हावी म्हणून हाफकिननें तींत कार्बोलिक आम्ल घालण्याचें सोडलें, आणि पॅरिसच्या पद्धतीप्रमाणें केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुलकोवाल नांवाच्या गांवीं १०७ माणसांस लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. ते एकोणीसहि जण एकाच बाटलींतील लस टोंचलेले होते. ती बाटली परळ येथें ४१ दिवसांपूर्वीं भरलेली होती.

एकोणीस कुटुंबांवर कोसळलेला हा आघात लहान नव्हता, आणि त्याची चौकशी कठोरपणें व्हावी हें योग्यच होतें. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें. बाटली उघडण्यापूर्वींच आंत दोष शिरला होता, असा त्यानें निष्कर्ष काढला आणि नव्या पद्धतीवर ठपका ठेवला. हाफकिनला आपल्या जागेवरून दूर व्हावें लागलें. बिनपगारी रजा घेऊन तो १९०४ सालीं हा देश सोडून गेला.

पण कमिशनपुढें आलेल्या साक्षींत दुसरी एक बाजू होती. गांवांत बाटली उघडतांना एका सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतां त्यानेंच बूच काढण्यांत आलें होतें. धनुर्वाताचा जंतु असतो मातींत! शिवाय बाटली उघडली तेव्हां लसीला दुर्गंधि नव्हती, असें टोंचणाऱ्या डॉक्टरानें सांगितलें होतें. धनुर्वाताचे जंतु जर ४१ दिवस त्या द्रवांत वाढत असते तर दुर्गंधि आल्यावांचून राहती ना. रोगाचीं लक्षणें दिसण्यास जो अवधि लागला तोहि बाटलींत ताजेच जंतु गेले असावेत असें सुचवीत होता, कारण कित्येक आठवडे सांठलेलें विष याहून लौकर मारतें. हीं तिन्हीं कारणें कोणाहि विद्यार्थ्यास समजण्याजोगीं आहेत. मग तीं कमिशनला कां पटलीं नाहींत? आमच्या मतें याचें उत्तर पुन्हां त्या उलट्या क्रमांतच आहे. टोंचणीची सरकारी मोहीम निर्दोष आणि प्रयोगशाळेंतील परका शास्त्रज्ञ दोषी, असें ठरलें तर राज्ययंत्रणेच्या अब्रूस धक्का नव्हता. चिमट्यास दोष देणें म्हणजे यंत्रणेस दोष देणें.

येथें एक विरोध वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. १८९७ च्या कायद्यांत, अधिकाऱ्यानें सद्धेतूनें केलेल्या कृत्याबद्दल त्याजवर फिर्याद चालणार नाहीं, असें कलम आहे. घरें खणणारा शिपाई आणि त्याला धाडणारा साहेब या दोघांसहि सद्धेतूचें कवच होतें. लस करणाऱ्यास तें नव्हतें. सत्तेची चूक सद्धेतूच्या खातीं आणि शास्त्राची शंका दोषाच्या खातीं, असा हा जमाखर्च होता.

या प्रकरणाचे कागद सरकारनें १९०६ च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध केले नाहींत. ते बाहेर येतांच चित्र पालटलें. मलेरियाचा मार्ग शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर यांच्यासह दहाएक नामांकित शास्त्रज्ञांनीं २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’मध्यें पत्र लिहून हाफकिनवरील आरोप पुराव्यानें खोटा ठरतो असें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें त्याला दोषमुक्त केलें. परळची जागा मात्र त्यास परत मिळाली नाहीं. कलकत्त्यास कांहीं वर्षें काम करून, पंचावन्नाच्या सुमारास निवृत्त होऊन तो युरोपांत परतला आणि १९३० सालीं लोझान येथें वारला. त्याची लस परळहून १८९७ ते १९२५ या काळांत सुमारें २ कोटी ६० लाख मात्रा इतकी बाहेर गेली.

कोणी म्हणेल, परकीय सत्तेकडून याहून वेगळी अपेक्षा कशाला? म्हणून एका लोकसत्ताक देशाचें उदाहरण देतों, आणि तेंहि प्लेगचेंच. १९०० च्या मार्चमध्यें अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या चिनी वस्तींत एक मजूर मेला. मध्यवर्ती सरकारचे डॉ. जोसेफ किन्यून यांनीं जनावरांवर प्रयोग करून तो प्लेगनें मेला असें सिद्ध केलें. कॅलिफोर्निया संस्थानचे गव्हर्नर हेन्री गेज यांनीं प्लेग नाहींच असें जाहीर केलें. व्यापारी आणि बहुतेक वर्तमानपत्रें त्यांच्या पाठीशीं उभीं राहिलीं. किन्यून यांनींच प्रेतांत जंतु घातले असतील, असा आरोप करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. दुसऱ्या बाजूस, जे प्लेग मानीत होते त्यांनीं केवळ चिनी-जपानी लोकांसच हाफकिनची लस टोंचून घेतल्यावांचून शहर सोडूं न देण्याचा हुकूम काढला, आणि तो न्यायालयानें वंशभेदाचा म्हणून रद्द केला. एका पक्षाला रोगच दिसेना, दुसऱ्याला रोग एकाच वंशांत दिसूं लागला! १९०१ सालीं मध्यवर्ती सरकारनें तीन तज्ज्ञ पाठविले. वर नांव आलेले फ्लेक्सनर त्यांपैकींच एक. त्यांनीं प्लेग असल्याचें निःसंशय ठरविलें. तरीहि गव्हर्नरांच्या खटपटीनें तो अहवाल कांहीं काळ दाबला गेला आणि किन्यून यांची दुसरीकडे बदली झाली.

त्या शहरांत १९०७ सालीं प्लेग पुन्हां आला. या वेळीं डॉ. रूपर्ट ब्लू यांनीं चिनी माणसांच्या मागें न लागतां उंदरांच्या मागें लागून तो आटोक्यांत आणला. मध्यंतरीं परळ येथें पिसवेची उडी मोजली गेली होती. ज्ञान समुद्र ओलांडून गेलें. त्याला क्वारंटीन नव्हतें.

तेव्हां दोष केवळ परकेपणाचा नव्हता. आपण स्वतःहि त्यांतून सर्वस्वीं मोकळे नव्हतों. रुग्णालयांत माणसांस मारून त्यांची मोमियाई काढतात, ही अफवा मुंबईंत खरी मानली गेली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यांच्या भीतीस कारण होतें, कारण तेथें नेलेला रोगी क्वचितच परत येई; पण भीतीचें समर्थन म्हणजे अफवेचें समर्थन नव्हे. सरकारी जुलुमाचा राग न्याय्य होता. तो राग लसीवर काढणें मात्र आपल्याच मुलांच्या जिवावर बेतणारें होतें. ज्या सत्तेनें कौलें उतरविलीं तिच्याच हातीं सुई आहे, म्हणून सुईहि वाईट, हा तर्क राजकारणाचा आहे, शास्त्राचा नाहीं.

या गोष्टी जुन्या झाल्या असें मानून चालणार नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत आपल्या देशांत १८९७ चाच कायदा पुन्हां उपयोगांत आला. त्याच वर्षीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं एका पत्रकारास खासगींत रोग किती भयंकर आहे हें सांगितलें आणि जाहीरपणें तो क्षुल्लक दाखविला. आपण तसें मुद्दाम केलें, हेंहि त्यांच्याच बोलण्याच्या मुद्रित नोंदींतून पुढें आलें. गव्हर्नर गेज यांस निदान आपण बोलतों तें खरें वाटत असावें, अशी सवलत देतां येते.

मग उपाय काय? राज्यकर्त्यांनीं शास्त्रज्ञ व्हावें अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. शास्त्रज्ञांनीं राज्य करावें अशीहि आमची इच्छा नाहीं. क्लाइन आणि गिब्ज हेहि शास्त्रज्ञच होते, आणि सिमाँचा पुरावा बाजूस सारणारेहि अडाणी नव्हते. व्यापार, अब्रू, शांतता यांचा विचार सरकारनें करावयाचाच असतो. पण ‘रोग पसरतो, तरी आम्ही जहाजें अडविणार नाहीं’ असें म्हणणें आणि ‘जहाजें अडविणें परवडत नाहीं, म्हणून रोग पसरत नाहीं’ असें म्हणणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें विधान करणाऱ्या सरकारशीं लोकांस वाद घालतां येतो; तें चुकलें तर जाब विचारतां येतो. दुसरें विधान करणारें सरकार वादाची भूमिच काढून घेतें. म्हणून मागावयाचें तें इतकेंच: निर्णयाचीं कारणें निर्णयाचींच म्हणून सांगावीं, तीं निसर्गाच्या माथीं मारूं नयेत, विरुद्ध साक्ष देणाऱ्याची बदली होऊं नये, आणि चौकशीचे कागद लोकांपुढें वेळेवर यावेत.

वेळेवर, हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. मुलकोवालनंतर पंजाबांत टोंचणीवरचा लोकांचा विश्वास उडाला, आणि तो परत मिळविण्याचें एकमेव साधन, म्हणजे त्या बाटलीचा आणि त्या चिमट्याचा खरा वृत्तांत, चार वर्षें दप्तरांत पडून राहिला. हाफकिन दोषमुक्त झाला त्या १९०७ सालीं हिंदुस्थानांत प्लेगनें सुमारें तेरा लाख माणसें मेलीं, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं पंजाबांतील होतीं. त्या सर्वांस लसीनें वांचविलें असतें असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण त्यांतील कांहींना तरी टोंचून घ्यावें कीं न घ्यावें हें ठरविण्यासाठीं खरी हकीकत हवी होती, आणि ती लिहिलेली असूनहि त्यांना वाचावयास मिळाली नव्हती.